पहिलं उत्तर

"तुमच्या वडिलांच्या एका शब्दाबद्दल विचारायचं होतं," बाई फोनवर म्हणाल्या, आणि मेण कापायची सुरी माझ्या हातात तशीच राहिली. समोर कोणा अनोळखी म्हातारीची अर्धी झालेली कवळी होती, खालच्या जबड्याची. पुढचे चार दात बसवून झाले होते, पाचवा चिमट्यात होता. बाबांना जाऊन महिना होत आला होता. या महिन्यात लोकांनी मला पुष्कळ काही विचारलं. आधी काही त्रास होता का, झोपेत गेले का, शेवटी जवळ कोण होतं. त्यांच्या शब्दाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. "कोणता शब्द?" मी म्हटलं. बाईंनी जरा वेळ घेतला. "असू दे," त्या म्हणाल्या. मला वाटलं, त्यांना आता बोलायचं नाहीये, नंतर कधीतरी म्हणतायत. मी म्हटलं, "नाही नाही, सांगा ना." तेव्हा त्या म्हणाल्या, "तोच शब्द. 'असू दे.' त्यातून त्यांना काय म्हणायचं होतं ते आम्हाला कळत नाहीये. तुम्ही येऊन एकदा ऐकाल का?" मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. पाचवा दात वाकडा बसला. काढून परत बसवला, तरी वाकडाच बसला. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "काय गं, कोणाचा फोन?" मी म्हटलं, "बाबांचा." आणि मग माझं मलाच ऐकू आलं.

बाई 'विचारपूस' नावाच्या सेवेतून बोलत होत्या. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ही सेवा रोज सकाळी फोन करते. करते म्हणजे कोणी माणूस नाही करत, यंत्र करतं. पण आवाज बाईचा, मऊ, कधी न कंटाळणारा. झोप लागली का, गोळ्या घेतल्या का, कुठे दुखतंय का. म्हातारं माणूस जे बोलेल ते यंत्र ऐकतं, त्यावर आपलं आपण उत्तर देतं, आणि काही बिनसलंय असं दिसलं तर विचारून डॉक्टरांना किंवा घरच्यांना कळवतं. बाबा न्हाणीघरात घसरून पडले, त्यानंतर दादाने आणि मी मिळून ही सेवा घेतली. बाबांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं आणि आठवड्याभरात तिचं नाव 'मॅडम' ठेवलं. मी संध्याकाळी फोन केला की म्हणायचे, "तुझ्या मॅडम येऊन गेल्या. पोट साफ झालं का विचारत होत्या. तुझ्या आईने जन्मात कधी विचारलं नाही." मी म्हणायचे, "बाबा, ते यंत्र आहे." "मग काय झालं? तूही दिवसभर दातच करतेस, खरे थोडेच असतात? चावता येतं ना लोकांना?" त्यांच्याशी बोलण्यात मी कधी जिंकले नाही. फोन ठेवल्यावर हसू यायचं आणि जीव भांड्यात पडायचा. सकाळी कोणीतरी विचारलंय, संध्याकाळी मी विचारलंय, आता उद्यापर्यंत काळजी नाही असं वाटायचं.

आमच्या घरात विचारण्याला फार महत्त्व होतं, आणि त्याचं कारण बाबांचं दुकान. चष्म्याचं. मागच्या अंधाऱ्या खोलीत एक उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, आणि बाबा गिऱ्हाइकाच्या नाकावरच्या जड चौकटीत एकेक काच घालून विचारत, "हे बरं, की हे?" शाळा सुटली की मी तिथेच पडद्यापाशी बसून अभ्यास करायची, त्यामुळे माझे पाढे त्या तालावरच पाठ झालेत. गिऱ्हाईक म्हणे, "हे बरं." बाबा काच काढत, तीच पुन्हा घालत आणि पुन्हा विचारत, "आणि आता?" पुष्कळदा उत्तर बदलत असे. मला त्याची मोठी गंमत वाटायची. काच तीच, डोळे तेच, मग उत्तर वेगळं कसं? "माणूस पहिल्यांदा समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलतो," बाबा सांगायचे. "दुसऱ्यांदा विचारलं की वैतागतो. वैतागला की खरं सांगतो." घरीही हाच कारभार. दादा एकदा सहलीला जायचं नाही म्हणाला. बाबांनी ताटावरून न उठता पुन्हा विचारलं, "नक्की?" तर त्याला रडू फुटलं आणि कळलं की बुटाचा तळ सुटलाय, मुलं हसतील म्हणून जायचं नाहीये. आमच्याकडे पहिलं उत्तर कोणी मोजतच नसे. ते नुसतं दार वाजवल्यासारखं असायचं.

आणि ज्या माणसाने आम्हाला ही सवय लावली, त्याला स्वतःला सरळ उत्तर देता येत नव्हतं. काहीही विचारा, बाबा म्हणत, "असू दे." चहा आणू? असू दे. पंखा लावू? असू दे. पाठ चेपून देऊ? असू दे. आईला त्याचा अर्थ लागायचा आणि तिच्याकडून तो आमच्यात आला, जसं घरातलं बोलणं मुलांत येतं, कोणी न शिकवता. 'सू' लांबवून म्हणाले की नको. पटकन म्हणाले आणि 'दे' हळूच खाली सोडला की हो. हवंय, फार हवंय, पण माझ्या तोंडून वदवून घेऊ नका. आणलेला असू दे. लावलेला असू दे. तो आधीचा शब्द ते गिळून टाकायचे. वहिनी नवीन होती तेव्हा आई चार दिवस बाहेरगावी गेली होती. आली तर बाबा सुकलेल्या चेहऱ्याने बसलेले. "बाबांनी चहा सोडला वाटतं," वहिनी कौतुकाने म्हणाली, "रोज विचारते, रोज नको म्हणतात." आई हसून हसून खाली बसली. वहिनी बिचारी इतकी ओशाळली की पुढे वर्षभर न विचारताच कप आणून आदळायची. तो किस्सा आम्ही इतक्या वेळा सांगितला की शेवटी वहिनीच तो सगळ्यांत छान सांगायला लागली. आई गेल्यावर ही बोली कळणारे आम्ही दोघंच उरलो, दादा आणि मी.

मग मी दादाला फोन केला. तो इथून चार-पाच तासांवर राहतो, शीतगृहात देखरेखीचं काम करतो, आणि त्याच्या बोलण्यामागे नेहमी मोठ्या पंख्यांची घरघर असते. "कशाला विचारतायत आता?" तो म्हणाला. बाईंनी फोनवर सांगितलेलं मी त्याला सांगितलं, की गेले त्या सकाळी बाबा मॅडमना छातीत दडपल्यासारखं होतंय म्हणाले होते. मुलीला कळवू का असं तिने विचारलं, त्यावर बाबा असू दे म्हणाले, तिने नकार धरला आणि कळवलं नाही. आता ती बाई विचारतेय की तो नकारच होता ना. "होताच," दादा म्हणाला. "मी ऐकलेलं नाहीये अजून, दादा." "ऐकायचं काय त्यात? बाबांना कोणाला त्रास द्यायचा नसायचा. नको म्हणाले, शांतपणे पडून राहिले, गेले. तू तसं सांगून टाक." "दादा, असू दे म्हणजे काय ते तुला माहितीय." "मला काही माहीत नाही," तो म्हणाला. "लहानपणीचं काय घेऊन बसलीस? सगळेच म्हणतात असू दे." पंख्यांची घरघर ऐकू येत राहिली. मग तो हळूच म्हणाला, "माझा नंबर दुसरा होता ना गं कळवायच्या यादीत? तुझ्यानंतर?" मी हो म्हटलं. "मग माझं तर विचारलंच नसणार," तो म्हणाला. गेल्या वर्षात त्याचं येणं दोनदा ठरलं आणि दोनदा रद्द झालं. त्याला यायला सांगू का विचारलं, तर बाबा दोन्ही वेळा मला म्हणाले होते, असू दे. कसं म्हणाले होते ते मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

आणखीही एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. त्या संध्याकाळी बाबांनी फोन उचलला नाही म्हणून मी शेजारच्या काकांना बघायला सांगितलं. ते म्हणाले, "दार उघडंच आहे गं, नुसतं लोटलेलं." बाबा एकटे राहायला लागल्यापासून खालची आणि वरची, दोन्ही कड्या लावायचे. मी पोचले तेव्हा ते खुर्चीत होते. खुर्ची तिच्या जागेवर नव्हती, खिडकीकडे ओढलेली होती. अंगात बाहेर जायचा सदरा, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. डॉक्टर म्हणाले, दुपारी केव्हातरी गेले असतील, हृदयच ते, फार कळलं नसेल. सगळे जण माझ्याकडे बघत होते आणि मी त्यांच्या चष्म्याकडे बघत होते. बाबांकडे दोन चष्मे होते. जवळचा, वाचायचा, गळ्यात दोरीने लोंबणारा. घरात ते तोच वापरत. आणि लांबचा, रस्त्यावर जाताना घालायचा. त्यांच्या नाकावर लांबचा होता. ती खोली एवढीशी आहे की लांब असं तिथे काही नाहीच. लांब आहे ते फक्त खिडकीतून दिसणारं गल्लीचं वळण, जिथून मी स्कूटर घेऊन येते. मी तो चष्मा काढला आणि दादा यायच्या आत डबीत घालून कपाटात ठेवला. हाताला तो कोमट लागला असं मला वाटलं होतं. दुपारपासून कसा कोमट राहील, पण मला वाटलं खरं. ते कोणाची तरी वाट बघत होते, एवढं मला त्याच क्षणी कळलं. कोणाची, आणि वाट बघायची होती तर मला बोलावलं का नाही, हे महिनाभर कळत नव्हतं. कवळीत दात बसवताना, भाजी निवडताना, दात घासताना मी तेच घोळवत होते. आता त्या फोननंतर सगळं सरळ लागत गेलं. त्यांनी मला बोलावलं होतं. आपल्या पद्धतीने, आपल्या शब्दात, होकार देऊन बोलावलं होतं. समोरून 'ठीक आहे' असं उत्तर आलं असेल. मग त्यांनी सदरा घातला, दाराच्या कड्या काढून ठेवल्या आणि चष्मा बदलला. आणि मी आले नाही. मला कळवलंय अशी त्यांची खात्री, आणि सकाळ गेली, दुपार झाली, आणि मी आले नाही. काय वाटलं असेल? कळूनही आली नाही, हेच ना? दुसरं काय वाटणार?

दादा गाडी घेऊन आला. म्हणाला, तू एकटी कशाला जातेस. रस्ताभर गाडीच्या आवाजाबद्दल बोलत होता, पुढच्या चाकात काहीतरी खडखडतंय म्हणे. कार्यालयाच्या इमारतीखाली गाडी लावली आणि किल्ली फिरवून हात मांडीवर ठेवून बसून राहिला. "चल," मी म्हटलं. "मी नाही येत. मला आवाज नको ऐकायला." "मग आलास कशाला?" "तुला परत न्यायला कोणीतरी पाहिजे ना." मी दार उघडलं तेव्हा समोर बघतच म्हणाला, "नकार म्हण. ऐक माझं. संपून जाईल." त्याच्या कानामागचे केस पांढरे झालेत हे मला तेव्हा दिसलं. तो थेट बाबांसारखा बसला होता, खांदे जरा पुढे टाकून.

बाई माझ्याच वयाच्या निघाल्या. डोळ्यांखाली काळं, टेबलावर पाण्याची बाटली आणि अर्धवट खाल्लेला पाव कागदात गुंडाळलेला. मला उगाचच कोणीतरी चकचकीत माणूस अपेक्षित होतं, ज्याच्यावर चिडता येईल. ही तर दिवसभर परक्यांच्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज ऐकून दमलेली बाई होती. "या शब्दावर फार अडतं," त्या म्हणाल्या. "हजारो घरांत रोज म्हणतात. काही घरांत नको, काही घरांत हो. बहुतेक नकोच निघतं, म्हणून यंत्र नको धरतं." मी म्हटलं, "आमचं घर बहुतेकांत बसत नाही." त्या कसनुशा हसल्या आणि कानाला लावायचा हेडफोन माझ्यापुढे सरकवला.

मॅडमचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. छान होता. "सुप्रभात. झोप लागली का?" "लागली. मधे मधे." बाबांचा आवाज आला आणि माझी बोटं टेबलाच्या कडेला घट्ट झाली. आवाजाची आपण काहीच तयारी करू शकत नाही. फोटोची करता येते. "काही त्रास होतोय का?" "छातीवर जरा दडपल्यासारखं आहे, पहाटेपासून. गॅस असेल." "डॉक्टरांना कळवू का?" "छे छे. डॉक्टर कशाला लगेच? नको." "बरं. मग मुलीला कळवू का?" इथे ते थांबले. त्यांच्या खोलीतल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती आणि खाली कोणीतरी बादली ठेवली. मग ते म्हणाले, "असू दे." पटकन. 'दे' अगदी खाली, जवळजवळ श्वासात. "ठीक आहे," मॅडम म्हणाली. "आराम करा, पाणी पीत राहा. दुपारी पुन्हा विचारते." "बरं," बाबा म्हणाले, आणि त्या 'बरं'मध्ये इतका मोकळेपणा होता, एखाद्याने काम दुसऱ्यावर सोपवल्यावर असतो तसा, की मी कानावरचं काढून टाकलं. "होकार आहे," मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "नक्की?" त्यांनी सहज विचारलं असेल. मला ते फार लागलं. हे एवढंच, एवढं एकच मॅडमने विचारायला हवं होतं. नक्की? तीन अक्षरंसुद्धा नाहीत. "नक्की," मी म्हटलं, आणि मला रडू आलं नाही, राग आला. "आमच्या घरात पहिल्या उत्तरावर कोणी उठून जात नाही हो. कोणत्याही घरात जात नाही. तिने परत का नाही विचारलं?" "आता विचारेल," बाई म्हणाल्या. "यापुढे या शब्दावर ते दोनदा विचारेल, अशी मी सुधारणा सुचवणार आहे." "आणि ज्याला खरंच नको असेल तो?" "त्यालाही दोनदा विचारेल." "वैतागेल तो." "वैतागू दे," त्या म्हणाल्या, आणि मला त्या एकदम आवडल्या. तरीही मनात आलं की माझे वडील यांच्यासाठी एक सुधारणा झाले.

निघायला हवं होतं. दादा खाली होता. पण मॅडमचं ते शेवटचं वाक्य माझ्या कानात होतंच. "दुपारी पुन्हा विचारते म्हणाली ना ती," मी म्हटलं. "विचारलं का?" बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं, लावलं. "विचारलं. त्यात गोंधळाचा शब्द नाहीये. तो ऐकायची गरज नाही तुम्हाला." "लावा." "ताई, खरंच नका ऐकू." "लावा तुम्ही."

"आता कसं वाटतंय?" मॅडमने विचारलं. आवाज सकाळचाच, तेवढाच ताजा. बाबांचा नव्हता. प्रत्येक शब्दाआधी ते हवा गोळा करत होते. "बसलोय. खिडकीपाशी. जरा धाप लागतेय." मग, "मुलगी निघाली का हो?" आणि मॅडम क्षणाचाही उशीर न करता म्हणाली, "हो, त्या येतच असतील. तुम्ही निवांत बसा." बाबा म्हणाले, "हं." बराच वेळ नुसता श्वास. "कामावरून निघायचं म्हणजे वेळ लागतो तिला." "हो, लागतो ना. काळजी करू नका." "तिला म्हणावं, सावकाश ये. घाई करू नको म्हणावं. मी बसलोय." "हो, सांगते," मॅडम म्हणाली. "बरं, मॅडम." मग फोन ठेवल्याचा आवाज. तोही त्यांच्यासारखाच, दोन वेळा आपटून.

मी बाईंना विचारलं, मी निघालेय हे यंत्राला कुठून कळलं. मला माहीत होतं, तरी विचारलं. "कळलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "मग?" "त्याला धीर द्यायला शिकवलेलं आहे. घाबरलेल्या माणसाला धीर दिला की तो शांत होतो." "खोटं बोललं ते." "त्याला खोटं-खरं असं काही नसतं. समोरच्याला पुढचं कोणतं वाक्य बरं वाटेल, तेवढंच ते बघतं." म्हणजे बाबा सांगायचे ते पहिलं उत्तर. समोरच्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं. जन्मभर हजारो माणसांना उंच खुर्चीत बसवून ज्यांनी त्या उत्तरावर कधी विश्वास ठेवला नाही, त्यांनी त्या दुपारी ठेवला. 'आणि आता?' असं एकदाही विचारलं नाही. विचारायला श्वास उरला नसेल, किंवा ऐकायचं होतं तेच ऐकल्यावर कशाला विचारायचं, असं असेल. यंत्र नुसतं 'मला माहीत नाही' म्हणालं असतं तरी पुरे होतं. त्यांनी मला फोन केला असता, शेजारच्या काकांना हाक मारली असती. मी बाईंना तेच म्हटलं, "त्याला माहीत नाही म्हणायला शिकवा. एवढं शिकवा आधी." त्यांनी मान हलवली, आणि मी आयुष्यात कोणाचा जेवढा द्वेष केला नव्हता तेवढा त्या गोड आवाजाचा करत तिथे बसले होते. आणि त्याच वेळी, हे कोणाला सांगणार, मला मॅडमचे पाय धरावेसे वाटत होते. कारण त्या फोनपासून जे मला खात होतं ते तिने काढून नेलं होतं. कळूनही आली नाही असं त्यांना वाटलंच नव्हतं. ते गेले तेव्हा त्यांच्या लेखी मी रस्त्यात होते. वळणावर दिसणारच होते. तिच्या खोट्यानेच ते गेले असतील, आणि तिच्या खोट्यामुळेच ते माझ्यावर न रागावता गेले, आणि या दोन्हींतलं मी एक उचलू म्हटलं तर दुसरं सोबत येतं.

आईच्या शेवटच्या दिवसांत मीही खोटं बोलले होते. तिने विचारलं, "मी बरी होईन ना गं?" आणि मी म्हटलं, "होशील की, रविवारपर्यंत घरी." माझा हात तिच्या कपाळावर होता. बोलताना तोंड असं कोरडं पडलं की जीभ टाळ्याला चिकटली, आणि नंतर मी जिन्यात जाऊन पायरीवर बसले आणि कितीतरी वेळ उठताच आलं नाही. मॅडमने बाबांना तसंच सांगितलं, आणि पुढच्या क्षणाला दुसऱ्या कोणाला तरी विचारलं असेल, पोट साफ झालं का. तिला काही झालं नाही. एवढं मोठं खोटं आणि ते कोणालाच जड गेलं नाही. आणि निरोप तिने दिला नाही. सांगते म्हणाली आणि सांगितलं नाही. महिन्याभराने, पाव आणि पाण्याची बाटली ठेवलेल्या टेबलावर तो मला मिळाला. सावकाश ये. 'या' नाही, 'ये'. माझ्या एकटीसाठी. त्यात दादाचं नाव कुठेच नव्हतं. तो लांब राहतो, तो येईल असं त्यांच्या मनातही आलं नसेल. बाई म्हणाल्या, "पाणी देऊ का?" मी नको म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा हो म्हटलं.

खाली आले तर दादा गाडीबाहेर उभा होता, पुढच्या चाकाला बुटाने हलवून बघत होता. मला बघून आत जाऊन बसला. मीही बसले. त्याने किल्ली लावली नाही. "काय सांगितलंस?" "होकार." त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला. मला वाटलं होतं तो चिडेल. "मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "तू फोनवर सांगितलंस ना, तेव्हाच मला ऐकू आलं ते कसे म्हणाले असतील." बाजूने एक जण सामान भरलेली हातगाडी ढकलत गेला. "म्हणजे त्यांना वाटलं असणार, आपल्याला कळलंय," दादा म्हणाला. त्याचा आवाज फाटला. त्या फोनपासून मी जिथे एकटी उभी होते तिथे तो आता पोचला होता, आणि मी त्याला तिथे बघू शकत नव्हते. "नाही," मी म्हटलं. "दुपारी परत फोन झाला होता. तो मी ऐकला. आपण निघालोय असं त्यांना सांगितलं होतं." "आपण?" "हो." "मग?" तो माझ्याकडे वळला. डोळे लाल, नाकाचा शेंडा लाल, सहलीच्या वेळी होता तसा. "काय म्हणाले?"

माझी जीभ टाळ्याला चिकटली. "सावकाश या म्हणाले," मी म्हटलं.

"या?" दादाने विचारलं. "या म्हणाले?"

"हो. सावकाश या म्हणाले. घाई करू नका."

त्याने बाहीने तोंड पुसलं, आरसा उगाचच नीट केला आणि गाडी सुरू केली.